कुलूपबंद जन्मतारखा

रुपाबाई राठोड चिडली की तिचा आवाज खाली येतो. शब्द सुटे सुटे होतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, यापेक्षा बाईनं चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. मानोऱ्याजवळच्या पळसतांड्यात तिनं तेहेतीस वर्षं सरकारी नर्स म्हणून काढली. त्या खालच्या आवाजाला डॉक्टर दबकून असायचे, सरपंच दबकून असायचे. दारू पिऊन बाळंतिणीच्या खोलीत शिरू पाहणारे नवरे तर उंबऱ्यावरूनच मागे फिरायचे. पण या जानेवारीत एका मंगळवारी सकाळी तिला जो राग आला, तो काढायला समोर माणूसच नव्हता. समोर कॉम्प्युटर होता.

ओसरीवर हेमला चव्हाण आणि त्याची मुलगी वैजयंती येऊन बसली होती. वैजयंती बारावीला. तिला नर्सिंगला जायचं होतं आणि त्याला वयाची सतरा वर्षं पूर्ण लागतात. शाळेच्या कागदावर तिचा जन्म एक जून दोन हजार दहाचा. म्हणजे वय भरत नव्हतं. खरी तारीख त्याच्या सव्वा-दीड वर्ष आधीची, एवढंच हेमलाला आठवत होतं. तालुक्याच्या कचेरीत शुक्रवारी कागद दाखवायचे होते, म्हणून दोघं रुपाबाईकडे आली होती. तांड्यातला कुणीही अशा वेळी तिच्याकडेच येतो.

त्याला कारण आहे. इथली माणसं दिवाळी झाली की ऊस तोडायला लांब जातात आणि उन्हाळ्यात परततात. मधल्या महिन्यांत जी लेकरं जन्मतात ती उसाच्या फडात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, नाहीतर अनोळखी गावातल्या दवाखान्याच्या पायरीवर. तिथे नोंद होत नाही, कारण टोळी दोन दिवसांनी पुढच्या फडाला निघते. इथे होत नाही, कारण जन्म इथला नाही. पुढे शाळेत मास्तर विचारतात, जन्मतारीख? आई म्हणते, थंडी होती. मास्तर लिहितात, एक जून. तांड्यातल्या निम्म्या माणसांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो.

रुपाबाईला या एक जूनची चीड होती. नोकरीला लागल्यापासून दर उन्हाळ्यात, टोळ्या परतल्या की ती वजनकाटा आणि वही घेऊन घरोघर जायची. आईला तारीख विचारायची नाही. अमावस्या होऊन किती दिवस झाले होते, त्या गावचा बाजार कधी होता, कारखाना बंद होता का चालू, असं विचारत विचारत पंचांगाशी जुळवायची आणि मगच लिहायची. जिथं खात्री नाही तिथं ‘अंदाजे’. अशा सतरा वह्या झाल्या, अकराशे त्रेचाळीस लेकरं झाली. निवृत्त झाल्यावर तिनं कॉम्प्युटर घेतला आणि दोन वर्षं दोन बोटांनी सगळ्या वह्या त्यात उतरवल्या. एकेका वर्षाची एकेक फाइल. पुढं गळक्या कोठीत भिजून त्या वह्यांचा लगदा झाला, तेव्हा तिला वाईट वाटलं, पण ती फार हळहळली नाही. यादी तर कॉम्प्युटरात होती.

त्या मंगळवारी तिनं दोन हजार नऊची फाइल उघडायला घेतली. उघडेना. नावापुढे कसलीशी पाच-सहा इंग्रजी अक्षरं शेपटासारखी चिकटली होती. दहाचीही तशीच. सगळ्यांनाच ते शेपूट. नातवंडांच्या फोटोंनासुद्धा. बाजूला एक चिठ्ठी होती, इंग्रजीत. रुपाबाईचं इंग्रजी औषधांच्या बाटल्यांपुरतं, पण तिनं अक्षर अक्षर लावून ती दोनदा वाचली. तुमच्या सगळ्या फायलींना आम्ही कुलूप लावलं आहे. चावी फक्त आमच्याकडे आहे. तीन दिवसांत डॉलर भरलेत तर निम्म्यात सोडवू. खात्री पटावी म्हणून एक फाइल फुकट उघडून देऊ.

खाली ‘धन्यवाद’ लिहिलेलं होतं.

“लाइट गेली का?” आतून धरमसिंगनं विचारलं. नवरा तिचा गरीब स्वभावाचा, वावर आणि बैल यापलीकडे कशात पडत नसे.

“नाई,” रुपाबाई म्हणाली. “चोर आला होता.”

मुन्नानं, म्हणजे मानोऱ्याच्या कॉम्प्युटरवाल्यानं, मागं एक पेनड्राइव्ह कायमचा खोचून दिला होता. सगळ्याची दुसरी प्रत त्यात होती. तिनं घाईघाईनं तो उघडला. त्यातल्या फायलींनाही तेच शेपूट.

ओसरीवर येऊन तिनं हेमलाला सांगितलं. त्याला त्यातलं फारसं उमगलं नाही. तो आपला हात जोडून म्हणाला, “नर्सबाई, तुमी कोनतीबी एक तारीख लिहून द्या ना. जानेवारीतली घाला एखादी. तुमच्या अक्षराले कोन खोटं म्हनते?”

“म्हनूनच नाई लिहिनार,” ती म्हणाली, इतक्या खाली आवाजात की वैजयंतीनं बापाची बाही ओढली.

तासाभरात सीपीयूचा डबा जुन्या चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन रुपाबाई ऑटोनं मानोऱ्याला पोचली. मुन्नाचं दुकान बसस्टँडसमोर. चाळिशीचा, हसतमुख, कुणालाही नाही न म्हणणारा माणूस.

“टेन्शन नका घेऊ काकू,” तो म्हणाला. “फॉरमॅट मारतो, नवी विंडोज टाकतो. संध्याकाळी घेऊन जा. एकदम नव्यासारखा.”

“मले नवा नाई पाह्यजे. मले त्यातलं पाह्यजे.”

“त्यातलं गेलं काकू. हे असलं आलं की जातेच.”

“असलं म्हनजे? असलं येते हे तुले कसं मालूम?”

मुन्ना उगाच स्क्रूड्रायव्हर पुसायला लागला.

“माह्या आगोदर कोनाचा आला होता?”

“आले होते दोन-तीन.”

“दोन का तीन?”

“चार,” मुन्ना म्हणाला. “एक शाळेतल्या सरचा. एक किराणावाल्याचा. फॉरमॅट मारून देल्ले.”

“अन् बाकीच्यायले सांगतलं?”

“काय सांगाचं?”

रुपाबाईनं स्टूल ओढलं आणि समोर बसली. कोणाला ताप आला की ती जशी विचारायची तसंच तिनं विचारायला सुरुवात केली. कधीपासून? कोणाच्या घरी गेलास? काय काय लावलंस? आणि एकेक बाहेर आलं. डिसेंबरात मुन्ना तिच्या घरी नवा प्रिंटर बसवायला आला होता. तेव्हा त्यानं स्वतःचा पेनड्राइव्ह लावला. त्या पेनड्राइव्हमध्ये कित्येक महिन्यांपासून व्हायरस होता, आणि मुन्नाला ते ठाऊक होतं.

“पन तो काई करत नाई काकू. निस्ते फोल्डर लपवते, शॉर्टकट करते. सगळ्यायच्याच पेनड्राइव्हमंदी हाय.”

“मंग माह्या मशीनीतला अँटिव्हायरस काहून नाई ओरडला?”

“तो म्या बंद करून ठेवला होता. तुमीच म्हनलं ना, मशीन हळू चालून राह्यली.”

“हळू चालते म्हनलं. दार काढून टाक नाई म्हनलं. अन् ते अपडेट का काय असते, ते?”

“ते चालू ठेवलं तं ही विंडोज बोंबलते.” मुन्नानं नजर खाली घातली. “डुप्लिकेट हाय ना.”

“बिलावर तं असली लिहिलं होतं.”

दुकानात आलेलं एक गिऱ्हाईक दारातच थांबून ऐकत होतं.

“मुन्ना,” रुपाबाई म्हणाली, “तेहेतीस वर्षं म्या सुया टोचल्या. एक सुई दोघायले कधी वापरली नाई. लाइट नसो, पानी नसो, मी चुलीवर उकळून घेतली. अन् तू एकच सुई अख्ख्या तालुक्याले टोचत फिरून राह्यला. चार जन आजारी पडले तरी तुह्या तोंडातून शब्द नाई निंगाला. कायले? धंदा बुडन म्हनून?”

तिनं डबा पुन्हा चादरीत बांधला. ती निघता निघता मुन्नानं, आपल्यावरची बला टळावी म्हणून असेल, एक फोननंबर कागदावर लिहून दिला. अकोल्याचा कुणी माणूस, गेलेल्या फायली परत काढून देतो म्हणे.

त्या संध्याकाळी तिनं भाचीला फोन लावला. वर्षाराणी वाशीमला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते.

“मावशी, पहिलं म्हनजे ते मशीन चालू करू नको अन् कोनाले फॉरमॅट मारू देऊ नको,” ती म्हणाली. मग तिनं सगळं उलगडून सांगितलं. मुन्नाच्या पेनड्राइव्हमधला तो किडा स्वतःहून एका मशीनीतून दुसऱ्या मशीनीत जातो. फोल्डर लपवणं हे त्याचं दिसणारं काम. न दिसणारं काम म्हणजे गुपचूप मागचं दार उघडून ठेवणं. त्या दारानं महिन्याभरानं दुसरेच कुणी आत आले आणि त्यांनी कुलूप घातलं. पेनड्राइव्ह मशीनीलाच खोचलेला होता, म्हणून तोही गेला.

“दुसरी प्रत घरातच, त्याच दाराच्या आत ठेवली होती तू.”

“मले ठेवाले सांगतलं तसं ठेवलं.”

“मालूम हाय. पन त्यायले पैसे देऊ नको. दिले तरी चावी देतीलच असं नाई.”

पुढच्या दिवशी त्या अकोल्याच्या माणसाचाच फोन आला. मुन्नानंच त्याला तिचा नंबर दिला होता. बोलणं गोड, शहरी. “मॅडम, आमची लॅब आहे. शंभर टक्के उघडून देतो. विश्वास नसेल तर एक फाइल पाठवा, करून दाखवतो.” वर्षाराणी सकाळीच येऊन मशीनीतली डिस्क काढून घेऊन गेली होती. रुपाबाईनं तिला सांगून एकोणीसशे शहाण्णवची फाइल पाठवली, त्या चोरांच्या चिठ्ठीसकट, कारण चिठ्ठीही लागेल असं त्यानं सांगितलं होतं. दुपारी चार वाजता फाइल परत आली. उघडली. एकतीस नावं. रुपाबाई मोबाइलवर ती एकेक मोठ्यानं वाचत सुटली. त्यातल्या तिघांची लग्नं होऊन त्यांना लेकरं झाली होती. धरमसिंग बैलाचं काम सोडून ऐकत उभा राहिला.

मग अचानक ती थांबली. चोरांच्या चिठ्ठीतली ती ओळ तिला आठवली. तिनं अकोल्याला फोन लावला.

“आनखी एक उघडून दाखवा.”

“मॅडम, एकच फाइल फ्री असते.”

“तुमच्या लॅबमंदी, का त्यायच्या?”

मग तो माणूस हसला. “मॅडम, तुम्हाला कामाशी मतलब. मी त्यांच्याशी बोलतो, भाव कमी करून घेतो. यात चुकीचं काय आहे?”

“म्हनजे माह्या घरातून नेलेलं मलेच विकून देनार तू. अन् वरून लॅबचं नाव सांगून राह्यला. त्यायचं तोंड तरी मले दिसत नाई. तू तं अकोल्यात बसून हाय. तुले लाज नाई वाटत?”

तिनं फोन ठेवला. पण खरी तडफड त्यानंतर सुरू झाली. न देण्याचा हट्ट तिचा होता, आणि तारखा अकराशे लोकांच्या होत्या. आपल्या रागापायी त्यांचं नुकसान का करायचं? धरमसिंग म्हणाला, “देऊन टाक. तुही पेन्शन हाय.” ती उठून हेमलाच्या घरी गेली आणि सगळं त्याच्यापुढे मांडलं. हेमलानं पेटवायला काढलेली विडी खाली ठेवली.

“देऊ नका, नर्सबाई,” तो म्हणाला. “मुकादमाले आमी असंच देत आलो. दिलं की त्याले समजते, हे देतात. मंग तो पुन्हा येते.”

गुरुवारी ती वाशीमला जाऊन पोलिसांत तक्रार देऊन आली. तिथल्या शिपाईबाईंनी सगळं नीट लिहून घेतलं आणि सांगितलं, कुलूप लागलेली डिस्क फेकू नका, कधी कधी वर्षा-दोन वर्षांनी अशा चाव्या सापडतात आणि फुकट मिळतात. वर्षाराणीनं नेटवर शोधून पाहिलं होतं, या कुलपाची अजून सापडली नव्हती.

परत येताना बसमध्ये रुपाबाईच्या मनात आलं, वही आपली होती, पण लसीचं रजिस्टर सरकारचं होतं. फडावरून आलेल्या प्रत्येक लेकराला पहिली लस तिनंच दिलेली, आणि लस देताना जन्मतारखेचा रकाना भरावा लागायचा. ती मधेच उतरली आणि जुन्या आरोग्य उपकेंद्राच्या अडगळीच्या खोलीची किल्ली मागितली. तिच्या जागी आलेली नवी नर्स बिचारी बॅटरी धरून उभी राहिली. मोडके पाळणे, जुन्या पेट्या, उंदरांच्या लेंड्या, आणि खाली रजिस्टरांचा ढीग. अकरा ते सोळाची रजिस्टरं नव्हतीच, रद्दीत गेली असावीत. नऊचं होतं, कडा कुरतडलेलं. एप्रिलच्या पानावर तिच्याच अक्षरात होतं: वैजयंती हेमला चव्हाण, जन्म बावीस जानेवारी दोन हजार नऊ, वजन साडेतीन किलो.

वजन तिनं दोनदा वाचलं. तीन महिन्यांच्या लेकराचं साडेतीन किलो. आणि तिला त्या क्षणी पुन्हा राग आला, कॉम्प्युटरचा नाही, जुनाच, फडावर जन्मलेल्या लेकरांची कुणी दखलच घेत नाही याचा, ज्यापायी तिनं ही यादी सुरू केली होती.

शुक्रवारी ती त्या पानाची सही-शिक्क्याची प्रत घेऊन वैजयंतीबरोबर कचेरीत गेली. कारकुनानं कागद इकडून तिकडून पाहिला आणि विचारलं, तुमच्या यादीतला तो छापील उतारा कुठाय, नेहमी देता तो? रुपाबाईनं चोरांची गोष्ट त्याला सगळी ऐकवली. त्यानं अर्ज घेतला. आणि ती बाहेर पडायच्या आधीच त्यानं आपल्या टेबलाखाली वाकून कॉम्प्युटरला खोचलेला पेनड्राइव्ह काढून खिशात टाकला, हे तिनं पाहिलं. वैजयंतीचा दाखला मार्चमध्ये हातात आला.

पण मुन्नाचं प्रकरण तिच्या डोक्यातून जात नव्हतं. तांड्यात गोवर आला की एका घरात औषध देऊन नर्सला घरी जाता येत नाही, ते लेकरू कुठं कुठं खेळलं ते शोधावं लागतं. त्या शुक्रवारनंतरच्या सोमवारी दुकान उघडायच्या आधीच ती शटरसमोर उभी होती.

“बिलबुक काढ,” ती म्हणाली.

“कायले, काकू?”

“गेल्या सहा महिन्यांत ज्याच्या ज्याच्या घरी तो पेनड्राइव्ह लावला, त्या सगळ्यायले फोन लाव. माह्यासमोर.”

“काकू, लोकं मले मारतील. दुकान बंद पडन माहं.”

“तू नाई लावला तं मी लावते. मंग मी माह्या शब्दायत सांगन.”

मुन्नानं फोन लावले. सकाळपासून दुपारी तीनपर्यंत, एक्कावन्न जणांना. पहिल्या फोनवर तो नुसता चाचरत होता, “सर, थोडा प्रॉब्लेम हाय,” असं. रुपाबाईनं फोन त्याच्या हातातून घेतला आणि म्हणाली, “याच्या पेनड्राइव्हमंदी किडा होता. तुमचं मशीन आत्ता बंद करा, नेटची वायर काढा, अन् जानकाराकडून डिस्क काढून महत्त्वाचं असंल ते दुसरीकडं नेल्याबिगर चालू करू नका.” मग त्यालाही तसंच बोलावं लागलं. काहींनी त्याला आईवरून शिव्या दिल्या. एका वकिलानं कोर्टात खेचायची धमकी दिली. त्या चौघांखेरीज आणखी सात जणांची मशीनं आधीच गेली होती. त्यांनीही कुणाला सांगितलं नव्हतं. उरलेल्यांत एक म्हातारे मास्तर होते, त्यांनी दोन दिवसांनी मुद्दाम येऊन सांगितलं की त्यांच्या मशीनीत किडा सापडला, पण कुलूप लागायच्या आधी.

मुन्ना त्या दिवशी जेवला नाही. रुपाबाईनं डबा आणला होता, तिनं त्याच्यासमोर बसून खाल्ला. त्याला विचारलं नाही. पुढे तांड्यात कुणीतरी म्हणालं, मुन्ना आता सुधारला, असली विंडोज विकतो, पेनड्राइव्ह आधी तपासतो. ती म्हणाली, चांगलं हाय. तरी त्याच्या दुकानाची पायरी ती पुन्हा चढली नाही.

तिचं नवं मशीन वर्षाराणीनं लावून दिलं. विंडोज असली, अपडेट आपोआप, अँटिव्हायरस चालू आणि तो बंद करण्याचा पासवर्ड रुपाबाईला मुद्दाम सांगितलेला नाही. रोजच्या कामाचं खातं वेगळं, ज्यातून काही नवीन बसवताच येत नाही. प्रती ठेवायला दोन डिस्का. रविवारी एक लावायची, यादी उतरवायची, काढायची आणि कपाटात. दुसरी वाशीमला भाचीकडे, महिन्यानं अदलाबदल. शिवाय दर वर्षाची छापील प्रत. टेबलावर तिनं पुठ्ठा लावला आहे: ‘बाहेरचा पेनड्राइव्ह लावू नये. विचारू पण नये.’

एप्रिलमध्ये टोळ्या परतायला लागल्या तशी ती पुन्हा वही घेऊन निघाली. या खेपेला नव्या लेकरांबरोबर जुन्यांच्याही तारखा गोळा करायच्या होत्या. कुणाकडे तिनं पूर्वी दिलेला उतारा पेटीत निघाला, कुणाच्या मोबाइलमध्ये त्याचा फोटो निघाला. रजिस्टरांतून काही मिळाल्या. आतापर्यंत चारशे अठरा झाल्या आहेत. एकेक तारीख सापडली की बाईला आनंद होत असेल, असं बघणाऱ्याला वाटतं. तिला होत नाही. परत मिळालेलं तिचंच होतं.

परवा ती उकंडराव आड्याच्या घरी गेली. त्याच्या धाकट्याचा जन्म बाराचा, फडावरचा. त्या वर्षाचं रजिस्टर नाही, उतारा कधी घेतला नव्हता, आणि आई दोन वर्षांपूर्वी वारली. उकंडराव त्या वेळी दुसऱ्या टोळीत होता. त्यानं खूप आठवून पाहिलं.

“थंडी होती,” तो म्हणाला. “जाऊ द्या नर्सबाई. एक जून लिहा.”

“नाई लिहिनार.”

तिनं मुलाचं नाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं, आईचं लिहिलं. तारखेचा रकाना कोरा ठेवला. पेनाला टोपण लावलं. मग उठली, चप्पल घातली आणि त्या साली मुलाच्या आईबरोबर टोळीत कोण होतं ते विचारायला शेजारच्या घराची कडी वाजवली.